फॉन्ट निवडण्याआधी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

अक्षरजुळणी आणि फॉन्टची निवड या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले असून लांब पत्रे आवश्यक तेथे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी नुकताच ग्राफिक डिझाइन शिकू लागलो आहे. संगणकावर शेकडो फॉन्ट आहेत आणि प्रत्येक कामासाठी नवा फॉन्ट शोधण्यातच माझा बराच वेळ जातो. छापील मजकुराला सेरिफ आणि पडद्यावरच्या मजकुराला सॅन्स-सेरिफ वापरावा, एवढाच नियम मला सांगितला गेला आहे. तो पुरेसा आहे का? सुरुवात नेमकी कुठून करावी?

उत्तर : सुरुवात मजकुरापासून करावी. हाती आलेला मजकूर आधी सावकाश वाचून काढावा. तो सलग वाचायचा आहे की नुसता चाळायचा आहे, त्यात आकडे आणि तक्ते किती आहेत, मथळ्यांच्या किती पायऱ्या आहेत, एकापेक्षा अधिक लिप्या आहेत का, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपासून तो किती अंतरावर असणार आहे, हे पाहून घ्यावे. एवढे कळले की शेकडो फॉन्टपैकी बहुतेक आपोआप बाद होतात. पन्नास पानी अहवालात मथळा, उपमथळा, मजकूर, तळटीप आणि तक्ता हे एकमेकांपासून वेगळे दिसावे लागतात. त्यासाठी एकाच कुटुंबातली (एकाच वळणाच्या फॉन्टच्या संचातली) तीन-चार वजने, म्हणजे अक्षरांच्या कमी-अधिक जाडीचे प्रकार, हाताशी हवीत, आणि म्हणून एकाच वजनात मिळणारा फॉन्ट कितीही देखणा असला तरी तेथे निरुपयोगी ठरतो. भित्तिपत्रकावरच्या तीन शब्दांसाठी मात्र तोच फॉन्ट उत्तम असू शकतो.

तुम्हाला सांगितलेला नियम ज्या काळात तयार झाला त्या काळापुरता तो समजण्यासारखा होता. सेरिफ म्हणजे रोमन अक्षरांच्या टोकांना असलेले लहान फाटे; ते नसलेले अक्षर म्हणजे सॅन्स-सेरिफ. मुद्रक निकोलस जेन्सनने १४७० मध्ये व्हेनिसमध्ये कोरलेल्या खिळ्यांपासून (छपाईच्या धातूच्या अक्षरांपासून) पुढची सुमारे साडेतीनशे वर्षे छापील रोमन अक्षर म्हणजे फाटे असलेलेच अक्षर. बिनफाट्यांचा पहिला छापील टाइप विल्यम कॅसलन चौथा याच्या १८१६ च्या नमुना-पुस्तकात दिसतो, आणि तोही केवळ मथळ्यांसाठी, केवळ मोठ्या (कॅपिटल) लिपीत. त्यामुळे पुस्तक म्हटले की सेरिफ ही सवय जुनी आहे. पडद्याच्या बाजूची अडचण वेगळी होती. सुरुवातीच्या पडद्यांवर ठिपके इतके मोठे असत की बारीक फाटे त्यांत नीट उमटतच नसत. आजच्या पडद्यांवर ही अडचण फारशी उरलेली नाही, आणि सेरिफमुळे वाचनाचा वेग निश्चितपणे वाढतो किंवा घटतो असे ठामपणे सिद्ध झालेले नाही. तेव्हा हा नियम वहीच्या मागच्या पानावर राहू द्यावा.

त्यापेक्षा एखादा फॉन्ट कोणत्या कामासाठी घडवला गेला हे जाणून घेणे अधिक उपयोगाचे असते. टाइम्स न्यू रोमन हा १९३२ मध्ये लंडनच्या टाइम्स या वृत्तपत्रासाठी तयार झाला. वृत्तपत्राच्या अरुंद स्तंभात अधिक शब्द मावावेत म्हणून त्याची अक्षरे काहीशी अरुंद ठेवलेली आहेत, आणि नेमक्या याच कारणामुळे पूर्ण रुंदीच्या कागदावर एका समासापासून दुसऱ्या समासापर्यंत तोच फॉन्ट लावला की ओळ संपता संपत नाही. बोडोनी आणि दिदो या घराण्यांतल्या अक्षरांत जाड आणि बारीक रेषांमधला फरक टोकाचा असतो. मोठ्या मथळ्यात तो डौलदार दिसतो, पण आठ पॉइंटांसारख्या लहान आकारात बारीक रेषा अक्षरशः नाहीशा होतात. मॅथ्यू कार्टर यांनी आखलेला व्हर्डाना १९९६ मध्ये पडद्यासाठीच आला. त्यात मोठा आय, लहान एल आणि एक हा आकडा परस्परांपासून स्पष्ट वेगळे ठेवलेले आहेत, अक्षरे रुंद आहेत आणि त्यांच्यामधली जागाही सढळ आहे. छापील पुस्तकात मात्र तो विनाकारण पसरल्यासारखा वाटतो. हेल्वेटिका १९५७ मध्ये नॉय हास ग्रोटेस्क या नावाने आला तो कोणताही विशेष सूर न लावणारे अक्षर म्हणून, आणि म्हणूनच तो सगळीकडे चालतो, पण परिच्छेदामागून परिच्छेद लहान आकारात वाचायला तो सर्वांत सोपा आहे असे मला वाटत नाही, कारण त्याची काही अक्षरे तोंड मिटून घेतल्यासारखी जवळजवळ बंद असतात.

निवड करताना दोन किंवा तीनच फॉन्ट समोर ठेवावेत. प्रत्यक्ष कामातलाच एक परिच्छेद, प्रत्यक्ष आकारात आणि प्रत्यक्ष ओळीच्या लांबीत, तिन्हींत लावावा आणि काम छापील असेल तर कागदावर काढून हातभर अंतरावरून वाचावा. फॉन्टच्या यादीतली नमुन्याची ओळ पाहून घेतलेला निर्णय बहुधा फसतो, कारण ती ओळ मोठ्या आकारात असते आणि तीत तुमचे शब्द नसतात. नंतर डोळे किलकिले करून तेच पान पाहावे : परिच्छेद एकसारख्या करड्या पट्ट्यासारखा दिसला तर ठीक, मध्येच काळे ठिपके किंवा पांढरी भोके दिसली तर त्या फॉन्टमधली अक्षरांची मोजमापे सैल आहेत असे समजावे. नव्याने शिकणाऱ्याने पहिले वर्षभर दोन-तीन चांगल्या कुटुंबांवरच भागवावे असे माझे मत आहे. हा सल्ला विद्यार्थ्यांना फारसा रुचत नाही, हे मला ठाऊक आहे.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या स्मरणिकेत इंग्रजी लेख नीट दिसतात, पण मराठी लेख मात्र दाटीवाटीने बसवल्यासारखे वाटतात. दोन्हींना बारा पॉइंटचा आकार आणि ओळींमध्ये सारखेच अंतर दिले आहे. फॉन्ट बदलूनही फरक पडला नाही. चूक कुठे आहे?

उत्तर : तुमची चूक ‘सारखेच’ या शब्दात आहे. पॉइंट हे मोजमाप अक्षराचे नसते. इंचाचे बहात्तर भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे आजच्या संगणकांवरचा एक पॉइंट, आणि बारा पॉइंट म्हणजे सुमारे ४.२३ मिलिमीटर, परंतु ही उंची अक्षर ज्या अदृश्य चौकटीत बसते त्या चौकटीची असते. शिशाच्या खिळ्यांच्या काळात ती चौकट म्हणजे खिळ्याचा देह होता. त्या चौकटीत अक्षराने किती जागा व्यापायची हे फॉन्ट आखणारा ठरवतो, आणि म्हणूनच एकाच बारा पॉइंटांतले दोन फॉन्ट एकमेकांशेजारी ठेवले तर एक मोठा आणि दुसरा लहान दिसू शकतो.

देवनागरीत या चौकटीची विभागणी रोमनपेक्षा पुष्कळ वेगळी आहे. रोमनमधील बहुतेक लहान अक्षरे मधल्या पट्ट्यात राहतात आणि मोजकीच वर किंवा खाली डोके काढतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि चंद्रकोर यांचा एक मजला असतो, शिरोरेषेखाली मूळ अक्षराचा मजला, आणि त्याच्याही खाली उकार, ऋकार, हलन्त आणि उभ्या जोडाक्षरांचा तिसरा मजला. हे तीनही मजले एकाच चौकटीत बसवायचे म्हणजे मधला मजला आखडता घ्यावा लागतो. परिणामी बारा पॉइंटांतले देवनागरी अक्षर त्याच आकारातल्या रोमनपेक्षा अनेकदा लहान वाटते, आणि तरीही त्याला वर-खाली जागा अधिक लागते.

हे जवळून पाहायचे असेल तर एका ओळीत ‘भ्रातृत्व’, ‘राष्ट्रकूट’, ‘क्रूर’ असे शब्द लिहावेत आणि तिच्याखालच्या ओळीत ‘कीर्तीं’, ‘मूर्तींनी’, ‘सर्वांत’ असे शब्द येतील अशी व्यवस्था करावी. वरच्या ओळीतला दीर्घ उकार आणि खालच्या ओळीतला रफार, वेलांटी व अनुस्वार यांचा गुंता जेथे समोरासमोर येतो तेथे इंग्रजीसाठी पुरेसे असलेले अंतर संपते. रफारावरचा अनुस्वार वरच्या उकाराला चिकटला की वाचकाला तो कोणत्या ओळीचा हे क्षणभर कळत नाही. ‘मूर्तीच्या’ आणि ‘मूर्तींच्या’ यांत वचनाचाच फरक असल्यामुळे असा एक ठिपका हरवणे ही केवळ सौंदर्याची हानी नसते.

उपाय असा. रोमन मजकुराला फॉन्टच्या आकाराच्या १२० ते १४५ टक्के एवढे ओळींचे अंतर सामान्यतः पुरते. मराठी मजकुराला १५० टक्क्यांपासून सुरुवात करावी आणि वर दिलेल्या शब्दांची टक्कर होत नाही तोपर्यंत ते वाढवावे. काही फॉन्टना १६० किंवा १७० टक्केही लागतात. म्हणजे बारा पॉइंटांच्या मराठी मजकुराला अठरा पॉइंटांच्या खाली जाऊ नये. जुन्या छापखान्यांत ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालून हे अंतर वाढवत आणि जुळाऱ्याला ते हाताने करावे लागे, म्हणून तो विचार करून करी. आज सॉफ्टवेअर एक आपोआप अंतर देते, ते बहुधा १२० टक्क्यांच्या आसपास असते, आणि आपण ते न पाहता पुढे जातो. तुमच्या स्मरणिकेत नेमके हेच झालेले असावे.

दुसरी गोष्ट ओळीच्या लांबीची. २१० मिलिमीटर रुंदीच्या कागदावर दोन्हीकडे वीस-वीस मिलिमीटरचे समास सोडून एकच सलग ओळ लावली तर अकरा पॉइंटांत रोमनची शंभरच्या आसपास अक्षरे एका ओळीत येतात. वाचायला सोयीची ओळ ४५ ते ७५ अक्षरांची मानली जाते. मराठीत अक्षरे मोजणे अवघड असल्यामुळे मी शब्द मोजतो आणि ओळीत नऊ ते बारा शब्द आले की थांबतो. एवढ्या रुंदीच्या स्मरणिकेत दोन स्तंभ करावेत, किंवा एकच स्तंभ ठेवून एका बाजूचा समास चांगला रुंद सोडावा. कागद वाया जातो ही तक्रार येईल. ती ऐकून घ्यावी आणि समास तसाच ठेवावा.

प्रश्न : मथळा भारदस्त दिसावा म्हणून मी अक्षरांमधले अंतर वाढवते. इंग्रजीत ते छान दिसते, मराठीत मात्र शिरोरेषा तुटते. काही उपाय आहे का?

उत्तर : मराठीत अक्षरांमधले अंतर वाढवू नये. रोमन लिपीतील मोठी अक्षरे सुटी असतात, त्यांना थोडे अंतर दिल्याने ती खरोखरच खुलतात. देवनागरीतला शब्द शिरोरेषेने बांधलेला असतो आणि ती तुटली की शब्दच तुटतो. काही सॉफ्टवेअरमध्ये तर अंतर वाढवताच काना आणि वेलांटी अक्षरापासून दूर सरकतात. मथळ्याला वजन द्यायचे असेल तर आकार वाढवावा, ठळक वजन घ्यावे, किंवा भोवती मोकळी जागा सोडावी. तिसरा उपाय सर्वांत कमी वापरला जातो आणि बहुधा सर्वांत परिणामकारक ठरतो.

याच संदर्भात आणखी एक. रोमनमधल्या तिरप्या अक्षरांना स्वतंत्र इतिहास आहे. व्हेनिसचा मुद्रक अल्दुस मानुतियुस याने १५०१ मध्ये आख्खे पुस्तक तशा खिळ्यांत छापले आणि पुढे ती अक्षरे भर देण्यासाठी वापरली जाऊ लागली. देवनागरीला अशी परंपरा नाही. बटण दाबून मराठी शब्द तिरपा केला तर सॉफ्टवेअर अनेकदा सरळ अक्षर नुसते ढकलून देते आणि उभे दंड पडायला आल्यासारखे दिसतात. भर देण्यासाठी ठळक वजन किंवा अवतरणचिन्हे वापरावीत. ठळक वजनही फॉन्टमध्ये मुळात असले पाहिजे. नसेल तर सॉफ्टवेअर अक्षराला बाहेरून रेघ लावून ते जाड करते आणि ‘क्ष’, ‘द्ध’, ‘ह्म’ यांच्या पोटातली जागा बुजते.

प्रश्न : एखादा फॉन्ट मराठीसाठी योग्य आहे की नाही हे विकत घेण्याआधी कसे ओळखावे? ‘देवनागरी’ असे लिहिलेला फॉन्ट घेतला, पण त्यातले ल आणि श हिंदी वळणाचे निघाले.

उत्तर : तुमचा फॉन्ट कदाचित निर्दोष असेल. मराठीत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श रूढ आहेत, हिंदीत दंडयुक्त ल आणि शेंडीफोड्या श. संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या पद्धतीत मात्र दोन्ही भाषांच्या ल ला एकच क्रमांक आहे, श लाही तसेच; देवनागरीचा १२८ जागांचा जो मुख्य विभाग आहे तो लिपीचा आहे, भाषेचा नाही. कोणते वळण दाखवायचे हे फॉन्ट ठरवतो. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणे ठेवलेली असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली की मराठी वळणे आपोआप पुढे येतात. म्हणून आधी सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा हिंदीवर आहे का ते पाहावे. संकेतस्थळासाठी काम करत असाल तर पानाच्या भाषेची खूण मराठी हवी. तरीही वळण बदलले नाही तर फॉन्टमध्ये ती सोय नाही असे समजावे. नोटो सॅन्स देवनागरी या मोफत फॉन्टमध्ये ही सोय आहे, आणि तिरो देवनागरी हा फॉन्ट तर मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा तीन स्वतंत्र आवृत्त्यांत मिळतो.

चाचणीसाठी मी जे शब्द वापरतो ते असे : ‘दुसऱ्या’, ‘आचार्यांच्या’, ‘ॲप’, ‘ऑक्टोबर’, ‘बाळंतीण’, ‘ब्राह्मण’, ‘शुद्ध’, ‘उद्भव’, ‘विठ्ठल’, ‘स्त्रियांनी’, ‘दृष्ट्या’, ‘ज्ञानेश्वर’. यांतला पहिला सर्वांत निर्णायक आहे. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन निराळे शब्द आहेत. पहिल्यात य ला जोडलेली आडवी कोयती हवी आणि दुसऱ्यात वर रफार हवा. ज्या फॉन्टला हा फरक दाखवता येत नाही तो मराठीसाठी बाद करावा, त्याची बाकीची अक्षरे कितीही सुबक असोत. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये त्या जागी रिकामी चौकट दिसू शकते. जोडाक्षरांत द आणि ध यांच्यामध्ये हलन्त उघडा पडत असेल तर तो फॉन्ट किरकोळ मजकुराला एकवेळ चालेल, पुस्तकाला नाही. शेवटी सर्व आकडे सलग लिहून पाहावेत. ५, ८ आणि ९ यांच्या वळणांतही प्रांतागणिक फरक आहे आणि तो वाचकाच्या डोळ्याला लगेच खटकतो.

प्रश्न : एकाच माहितीपत्रकात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी येतो. दोन्हींसाठी फॉन्टची जोडी कशी निवडावी?

उत्तर : सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दोन्ही लिप्या एकाच कुटुंबात असलेला फॉन्ट घेणे. ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्ता, इंडियन टाइप फाउंड्रीचे हिंद आणि पॉपिन्स, तसेच नोटोची देवनागरी कुटुंबे यांत रोमन अक्षरेही असतात आणि दोन्हींची उंची व जाडी एकमेकांना पाहून ठरवलेली असते. पॉपिन्स हा वर्तुळाकृती, भूमितीवर बेतलेला फॉन्ट असल्यामुळे मथळ्यांत तो छान दिसतो. लांब मराठी मजकुरासाठी मी मुक्ता किंवा हिंद घेईन.

स्वतंत्र फॉन्ट जोडायचे असतील तर नावांच्या किंवा ‘सेरिफला सेरिफ’ अशा तर्काच्या मागे लागू नये. आधी जाडी पाहावी. देवनागरीतला उभा दंड आणि रोमनमधल्या लहान एलची उभी रेष जवळजवळ सारख्या जाडीच्या दिसल्या पाहिजेत, नाहीतर एक भाषा ओरडते आणि दुसरी कुजबुजते. त्यानंतर उंची पाहावी : शिरोरेषेपासून तळरेषेपर्यंतचे देवनागरी अक्षर हे रोमनच्या लहान अक्षरापेक्षा थोडे उंच आणि मोठ्या अक्षरापेक्षा थोडे ठेंगणे असले की ओळ सपाट दिसते. बहुतेक वेळा यासाठी रोमनचा आकार पाच-दहा टक्क्यांनी बदलावा लागतो. हे काम एकदाच करून सॉफ्टवेअरमधल्या शैलीत (स्टाइलमध्ये) नोंदवून ठेवावे, प्रत्येक शब्दाला हाताने करू नये.

तिसरी गोष्ट जाड-बारीक रेषांची. बोरूच्या टोकाचा काप आणि रोमन सुलेखनाच्या लेखणीचा काप परस्परांच्या उलट असल्यामुळे देवनागरीत अक्षराचा जो कोपरा जाड होतो तेथे रोमनमध्ये बारीक रेषा येते. म्हणून बोडोनीसारखा तीव्र फरकाचा रोमन फॉन्ट पारंपरिक वळणाच्या देवनागरीशेजारी ठेवला की दोघांची भांडणे लागतात. फरक सौम्य असलेले दोन फॉन्ट घेतले तर ही विसंगती जाणवत नाही. आणि एका पत्रकात एका लिपीचे दोन फॉन्ट पुष्कळ झाले; दोन लिप्या असताना चार कुटुंबे आणणे म्हणजे स्वतःहून गोंधळ ओढवून घेणे होय.

प्रश्न : संकेतस्थळावर मी मजकुरासाठी हलका करडा रंग वापरला. तो शांत आणि आधुनिक वाटतो, पण वयस्कर वाचकांनी तक्रार केली. त्यांच्यासाठी अक्षर किती मोठे करावे?

उत्तर : आधी रंग गडद करावा, मग आकाराचा विचार करावा. संकेतस्थळांच्या सुलभतेसाठी जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत त्यांनुसार साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा उजळपणाचा फरक किमान ४.५ : १ असावा, अठरा पॉइंट किंवा त्याहून मोठ्या अथवा चौदा पॉइंटच्या ठळक अक्षरांसाठी ३ : १ चालतो. डिझाइनर मंडळींचा आवडता #७७७७७७ हा करडा रंग पांढऱ्यावर ४.४८ : १ एवढा भरतो, म्हणजे अगदी थोडक्यात नापास होतो. त्यापेक्षा फिका रंग तुम्ही वापरला असेल तर तक्रार रास्त आहे. फॉन्टचे वजन हलके असेल तर रंग आणखी गडद हवा, कारण रेष बारीक झाली की तिचा रंग डोळ्याला प्रत्यक्षापेक्षा फिका भासतो.

आकाराबाबत बोलायचे तर ब्राउझर मुळात सोळा पिक्सेल देतात. मराठी मजकुराला मी अठराच्या खाली जात नाही, कारण वर सांगितल्याप्रमाणे देवनागरीचा मधला मजला आखूड असतो. पडद्यावर लहान आकारात जोडाक्षरे वाचता यावीत ही अडचण जुनी आहे. विंडोजबरोबर येणारा मंगल हा फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी आखला, तो पुढे सरकारी कागदांपासून पाट्यांपर्यंत सर्वत्र लागला आणि त्यामुळे त्याची बदनामी झाली. परंतु जाड ठिपक्यांच्या पडद्यावर लहान आकारात मराठी वाचता येणे ही त्याच्यासमोरची अट होती, हे लक्षात घेतले तर त्याच्या मोकळ्या, साध्या आकारांचे कारण कळते. भित्तिपत्रकावर मात्र तो लावू नये.

प्रश्न : इंटरनेटवरून मोफत उतरवलेला फॉन्ट व्यावसायिक कामात वापरता येतो का?

उत्तर : परवान्यावर अवलंबून आहे, आणि परवाना फॉन्टबरोबर आलेल्या फाइलमध्ये लिहिलेला असतो, तो वाचावा. ‘वैयक्तिक वापरासाठी मोफत’ असे असेल तर ग्राहकाच्या कामात तो फॉन्ट वापरता येत नाही. एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स असेल तर छापील, व्यावसायिक आणि संकेतस्थळावरचा वापर खुला असतो, फॉन्टमध्ये बदलही करता येतात, फक्त तो फॉन्ट सुटा विकता येत नाही आणि बदललेली आवृत्तीही त्याच परवान्याखाली द्यावी लागते. विकत घेतलेल्या फॉन्टच्या बाबतीत संगणकावर वापरण्याचा, संकेतस्थळावर बसवण्याचा आणि ॲपमध्ये घालण्याचा परवाना बहुधा वेगवेगळा असतो. ग्राहकाला अंदाजपत्रक देतानाच ही रक्कम वेगळी दाखवावी, नंतर मागितली की वाद होतो.

प्रश्न : मजकूर दोन्ही समासांना सरळ लावावा की फक्त डाव्या बाजूने? आमच्या संपादकांना उजवी कड वेडीवाकडी दिसलेली चालत नाही.

उत्तर : स्तंभ रुंद असेल तर संपादकांचे ऐकावे, अरुंद असेल तर ऐकू नये. दोन्ही कडा सरळ करण्यासाठी सॉफ्टवेअर शब्दांमधली जागा ताणते. ओळीत दहा-बारा शब्द असतील तर ताण वाटला जातो आणि दिसत नाही. चारच शब्द असतील तर त्यांच्यामध्ये खिंडारे पडतात, आणि अशा लागोपाठच्या ओळींत ती एकाखाली एक आली की परिच्छेदातून पांढरे ओघळ वाहताना दिसतात. मराठीत ही अडचण अधिक तीव्र होते, कारण आपण विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहितो. ‘कार्यकर्त्यांच्याबरोबरसुद्धा’ एवढा एक शब्द अरुंद स्तंभाची अख्खी ओळ अडवतो आणि त्याच्या आधीच्या ओळीत दोनच शब्द उरतात. इंग्रजीत अशा वेळी शब्द तोडून पुढच्या ओळीत नेतात. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी शब्द तोडण्याची सोय असेल तर ती वापरावी, मात्र तोड जोडाक्षराच्या मध्ये पडत नाही आणि एकटे अक्षर ओळीच्या टोकाला उरत नाही हे मुद्रितशोधनात डोळ्यांनी तपासावे. सोय नसेल तर मजकूर डावीकडे सरळ ठेवून उजवी कड मोकळी सोडावी. संपादकांना एकाच स्तंभाचे दोन्ही नमुने छापून दाखवावेत, आणि दोन्ही कडा सरळ असलेल्या नमुन्यातले पांढरे ओघळ लाल पेन्सिलीने रेखून द्यावेत.